तळमजल्यावर ड्रेनेज बॅक मारतंय? पहिल्या दहा मिनिटांपासून शेवटच्या धुलाईपर्यंत काय करायचं

जुलैतली सकाळ, सव्वासहाची वेळ. न्हाणीघरातून गुडगुड आवाज आला, जाळीतून चार बुडबुडे फुटले आणि पाणी वर येऊ लागलं. पाच मिनिटांत फरशीवर भाताची शितं आणि कढीपत्त्याची पानं तरंगायला लागली. आमच्याकडे तेव्हा गॅससुद्धा पेटला नव्हता. वरच्या कुणाच्या तरी रात्रीच्या खरकट्यातली ती शितं होती. अर्ध्या तासात संडासाच्या भांड्यातूनही काळं पाणी वर आलं आणि पॅसेज ओलांडून बैठकीच्या खोलीच्या उंबऱ्याला टेकलं.

पुण्यातली आमची सोसायटी तीन मजली, बारा फ्लॅटची, जुनी. त्या दिवशी आमचे पाच तास गेले. त्यातले दोन तास नुसतं चेंबर शोधण्यात गेले, कारण कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्या ठेकेदाराने दोन झाकणं ब्लॉकखाली गाडून टाकली होती. काय कुठल्या क्रमाने करायचं हे एका जरी माणसाला माहीत असतं, तर पाणी पॅसेजपर्यंत आलं नसतं. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

पहिली दहा मिनिटं: वरून येणारं पाणी थांबवा

तुमच्या घरात येणारं पाणी तुमचं नसतं. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. बारा घरं, घरटी चार माणसं धरली तर हे दिवसाला पाच हजार लिटरच्या वर जातं, आणि त्यातलं बरंचसं सकाळी सहा ते नऊमध्ये. पुढे लाइन बंद असेल तर ते सगळं सर्वांत खालच्या भोकातून बाहेर येणार. तुमच्या नहाणीची जाळी हेच ते भोक असतं.

म्हणून झाडू, फडकं, प्लंबर सगळं नंतर. आधी सोसायटीच्या ग्रुपवर टाका: "ड्रेनेज तुंबलंय, तळमजल्याच्या घरात घाण येतेय. कुणीही नळ, फ्लश, वॉशिंग मशीन वापरू नका." पण नुसत्या मेसेजवर विसंबू नका, कारण सकाळी कोण कधी फोन बघेल सांगता येत नाही. गच्चीवर जाऊन टाकीतून खाली येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा. नळच कोरडे झाले की प्रश्न मिटला. वरच्या मजल्यावरचे काका-काकू नाराज होतील, त्यांना खाली आणून एकदा दाखवा. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आमचा पॅसेज पाहिला आणि दिवसभर स्वतः प्रत्येक दारावर जाऊन सांगत राहिल्या.

लगेच दुसरं काम म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचा पंप बंद करणं. कंपाउंडमध्ये चेंबर भरून वाहत असेल आणि टाकीचं झाकण त्याच पातळीवर असेल तर मैल्याचं पाणी पिण्याच्या टाकीत उतरू शकतं. पंप चालू राहिला तर तेच पाणी गच्चीवर जाऊन बाराही घरांच्या नळांना येईल. टाकीत घाण गेल्याची शंका जरी आली तरी ते पाणी प्यायला वापरू नका. टाकी उपसून, घासून, क्लोरीन टाकून पुन्हा भरा. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं, आणि ते तपासायचं छोटं किट मिळतं.

तिसरं, वीज. जमिनीलगत सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड, इन्व्हर्टर, फ्रिजचा प्लग असेल आणि पाणी तिकडे सरकत असेल तर मेन स्विच पाडा. स्विचपाशी जायला ओल्यातून चालावं लागत असेल तर जाऊ नका, जिन्याखालच्या मीटरच्या खोलीतून बंद करा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं शेजारच्या इमारतीत पाठवा, संडासाचीही सोय तिथेच होते.

जाळीत बोळा कोंबायचा का? कोंबता येतो. जाड प्लास्टिकच्या पिशवीत ओलं फडकं भरून ते जाळीवर दाबायचं आणि वर वाळूची पिशवी किंवा पाटा ठेवायचा. पण यातून फक्त वेळ मिळतो. नहाणी बंद केली की पाणी संडासातून येईल, संडास बंद केला की स्वयंपाकघरातल्या मोरीतून. बाहेर त्याला वाट मिळत नाही तोवर ते घरातच येत राहील.

घाणीला बाहेर वाट का मिळत नाही

जुन्या पद्धतीच्या बांधकामात नहाणीचं आणि मोरीचं पाणी घराबाहेरच्या एका छोट्या चौकोनी खड्ड्यात पडतं आणि तिथून चेंबरला जातं. हा गली ट्रॅप. गवंडी त्याला गल्ली ट्रॅप म्हणतात. त्याचं तोंड घराच्या फरशीपेक्षा खाली असतं. त्यामुळे पुढची लाइन तुंबली की पाणी आधी तिथून बाहेर अंगणात वाहतं. अंगण घाण होतं पण घर वाचतं, आणि लाइन तुंबल्याचं सगळ्यांना दिसतं.

गेल्या वीस वर्षांत आपण काय केलं? डासांसाठी गली ट्रॅपवर फरशी बसवून सांधे सिमेंटने बुजवले. कंपाउंडला थरावर थर चढवले, शेवटी पेव्हर ब्लॉक बसवले. रस्ता दर डांबरीकरणाला वर आला. आता कित्येक जुन्या इमारतींचा तळमजला अंगणाच्या पातळीला, कुठे कुठे त्याच्याही खाली गेलाय. मग सर्वांत खालचं भोक आपल्या न्हाणीघरातलंच उरतं. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. गली ट्रॅपवरची फरशी पहारेने उचलल्याबरोबर घरातलं पाणी दोन-अडीच इंच उतरलं. अंगणात घाण झाली, पण ती तिथेच व्हायला हवी होती.

तेव्हा तुमच्या खिडकीबाहेर गली ट्रॅप असेल तर आधी त्याचं झाकण मोकळं करा. वर बारीक जाळी बसवली की डासही थांबतात आणि वाटही राहते.

चोकअप नेमका कुठे आहे

घरातला फक्त एकच नळ किंवा एकच जाळी तुंबली असेल, बाकी सगळं वाहत असेल, तर ते तुमच्या घरातलं दुखणं आहे. नहाणी ट्रॅपमधली वाटी काढा, केस आणि साबणाचा थर काढा, रबरी प्लंजर मारा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. मात्र संडासात फ्लश केल्यावर नहाणीत बुडबुडे येत असतील, किंवा तुम्ही नळ न सोडताच पाणी वर येत असेल, तर अडथळा बाहेर आहे. घरात कितीही प्लंजर मारला तरी उपयोग नाही.

बाहेर चेंबरांची रांग असते. इमारतीच्या मागून निघून पहिलं, दुसरं, तिसरं करत शेवटचं फाटकाजवळ, आणि तिथून रस्त्यातल्या महापालिकेच्या लाइनला. एकेक झाकण उघडून एवढंच बघायचं: भरलंय की रिकामं? भरलेल्या शेवटच्या चेंबरच्या आणि रिकाम्या पहिल्या चेंबरच्या मधल्या पाइपात चोकअप असतो. आमचं तिसरं काठोकाठ भरलेलं होतं आणि चौथं कोरडं. म्हणजे त्या दोघांमधल्या वीसेक फुटांतच सगळं होतं. हे कळलं की प्लंबरला काम सांगता येतं, आणि तो उगीच सगळी लाइन खोदत बसत नाही.

शेवटचं, फाटकाजवळचं चेंबरही भरलेलं असेल तर बहुधा दोष रस्त्यातल्या लाइनचा आहे. शेजारच्या सोसायटीत विचारा. त्यांचंही भरलं असेल तर शंकाच नाही.

झाकण उघडताना

हे एकट्याने करायचं नाही. पहारेने झाकण एका बाजूने उचला आणि बाजूला सरकवा. बोटं खाली घालू नका. वारा पाठीवर घेऊन उभं राहा, वाकून आत डोकं घालू नका, जवळ काडी-विडी-सिगारेट काही नको. बंद चेंबरमध्ये मिथेन साठतो, तो पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही.

कुणीही, कितीही उथळ वाटलं तरी, चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरायचं नाही. तुम्ही नाही, प्लंबर नाही, चौकातून बोलावून आणलेला मजूर तर मुळीच नाही. "पाच मिनिटांचं काम आहे साहेब, उतरतो" असं तो म्हणाला तरी नाही म्हणा. २०१३ च्या कायद्याने गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारात मृत्यू झालेल्या कामगाराच्या कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई ठरवून दिली. पण कायदा बाजूला ठेवू. या खड्ड्यांमध्ये एक जण बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि तिघेही जातात. असं पुन्हा पुन्हा घडलं आहे. कुणी आत पडलाच तर वरून दोर टाका, १०१ किंवा ११२ ला फोन करा, पण मागे उडी घेऊ नका.

आणि झाकण उघडं टाकून चहाला जाऊ नका. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून घरी निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. पाण्याखालचं भोक कुणालाच दिसत नाही. झाकण उघडं असेल तोवर कुणीतरी शेजारी उभं राहायचं, आणि वर एक उंच काठी लाल फडकं बांधून रोवायची.

लाइन मोकळी करणं

प्लंबरकडे बांबूच्या पट्ट्या किंवा जोडाच्या सळया असतात. सळया आत गेल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच फिरवायच्या. उलट्या फिरवल्या की जोड सुटतो, टोक पाइपात राहतं आणि मग खणावंच लागतं. काम सुरू करण्यापूर्वी पुढच्या रिकाम्या चेंबरमध्ये पाइपाच्या तोंडाशी वरूनच एक जाळी किंवा काट्याची पंजी धरून ठेवायला सांगा. नाहीतर सुटलेला गोळा पुढे जाऊन पुढच्या वळणावर बसतो, आणि चार दिवसांनी हीच सकाळ पुन्हा येते. आमच्या पंजीत सॅनिटरी पॅडचा लगदा आला, ओले वाइप्स आले, आणि त्या सगळ्याला धरून ठेवणारा सिमेंटचा हातभर लांब कडक पोपडा आला. वर कुणाच्या तरी घरी टाइल्स बदलल्या होत्या आणि गवंड्याने घमेलं नहाणीत धुतलं होतं.

ॲसिड किंवा कॉस्टिक ओतू नका. तुंबलेल्या पाण्यात ते तसंच साचून राहतं, अडथळ्यापर्यंत पोचत नाही, कॉस्टिकच्या उष्णतेने पीव्हीसी पाइप मऊ पडतो, आणि नंतर जो हात घालतो त्याचा हात भाजतो. आम्ही प्लंबर यायच्या आधी ॲसिडच्या दोन बाटल्या ओतल्या होत्या. त्याने आल्या आल्या विचारलं, "काही टाकलंय का?" हो म्हटल्यावर त्याने कोपरापर्यंतचे हातमोजे आणून चढवले, तोवर कामाला हात लावला नाही. त्याने विचारलं म्हणून बरं झालं. तुम्ही विचारायची वाट न पाहता सांगा.

हाताने निघत नसेल तर जेटिंगची गाडी लागते. इथे एक फरक लक्षात ठेवा. सक्शनची गाडी चेंबरमधला मैला ओढून नेते. चेंबर रिकामं दिसतं, सगळे खूश होतात, आणि दोन तासांनी ते पुन्हा भरतं, कारण पाइप तसाच बंद असतो. जेटिंग म्हणजे जोराच्या पाण्याचा मारा पाइपाच्या आत. गाडी बोलावताना "जेटिंग हवंय" असंच सांगा. काम झाल्यावर पहिल्या चेंबरमध्ये दोन-तीन बादल्या पाणी एकदम ओतून शेवटच्या चेंबरमध्ये ते किती वेगाने येतं ते स्वतः बघा, मगच पैसे द्या.

कंपाउंडच्या आतली लाइन सोसायटीची, रस्त्यातली महापालिकेची. तक्रार करताना शेवटचं चेंबर भरल्याचा फोटो आणि शेजारच्या इमारतीचाही फोटो जोडा, म्हणजे "तुमची आतली लाइन तपासा" म्हणून परत पाठवत नाहीत. मुंबईत १९१६ वर तक्रार नोंदवता येते. मैल्याच्या टाक्या आणि गटारांच्या सुरक्षित सफाईसाठी १४४२० हा क्रमांक आहे. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

गावाकडे, कोकणात किंवा शहराबाहेरच्या बंगल्यात पुढे लाइन नसते, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा असतो. तिथे पावसाळ्यात जमीनच पाण्याने भरलेली असते, शोषखड्डा पाणी घेत नाही आणि टाकी मागे फिरते. अशा वेळी टाकी उपसली तरी बाहेरचं पाणी आत येऊन ती लवकर भरते. पाऊस उघडेपर्यंत पाणी जपून वापरणं हाच इलाज. टाकी दर तीन वर्षांनी, पाऊस सुरू व्हायच्या आधी, गाडीनेच उपसून घ्या.

घर धुणं

घाई नको. आधी मोजे, गमबूट, नाकाला मास्क, आणि हातापायाला जखम असेल तर ती झाकलेली. गाळ फावड्याने आणि रबरी वायपरने गोळा करा, मग साबणाच्या पाण्याने घासा, मग निर्जंतुक करा. हा क्रम उलटा केला तर ब्लीचिंग पावडर घाणीतच खर्ची पडते. चांगल्या ब्लीचिंग पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं. दहा लिटरच्या बादलीत दीडशे ग्रॅम टाकली की अर्धा टक्का द्रावण होतं, ते फरशीसाठी पुरेसं आहे. पसरून किमान दहा मिनिटं ठेवा, मग धुवा. खिडक्या उघड्या हव्यात.

ब्लीचिंगच्या जवळ ॲसिड किंवा संडास धुण्याचं लिक्विड आणू नका. बहुतेक लिक्विडांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. लहानशा बंद न्हाणीघरात तो फुप्फुसाला इजा करतो. "दोन्ही टाकू म्हणजे चांगलं स्वच्छ होईल" हा विचार त्या दिवशी आमच्याही घरात झाला होता. प्लंबरनेच अडवलं.

भिजलेली गादी, उशा, पुठ्ठा, गालिचा टाकून द्या. जीव तुटतो, पण आतपर्यंत गेलेलं पाणी निघत नाही. कपडे वेगळे, गरम पाण्यात. भांडी उकळत्या पाण्यातून काढा. भिजलेलं धान्य, पिशवीतलं असलं तरी, टाका. प्लायवूडच्या कपाटांचे पाय फुगतात, ते भिंतीपासून ओढून मागची बाजू वाळू द्या, नाहीतर महिनाभराने बुरशीचा वास येतो आणि कुठून येतो ते कळत नाही.

मैल्याच्या पाण्यात उभे राहिलेल्यांनी, विशेषतः पायाला भेग किंवा जखम असेल तर, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा तापाचा आजार) विचार करावा. मुंबईत दर पावसाळ्यात महापालिका सांगते, तसं ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. गोळी घ्यायची का ते डॉक्टर ठरवतील. पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं तर "गटाराच्या पाण्यात उभा होतो" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. साधा व्हायरल समजून घरी थांबू नका.

पुन्हा होऊ नये म्हणून

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा असं कुणीही सांगेल. तो पाणी एकाच दिशेने जाऊ देतो. पण तो कुठे बसवायचा हे महत्त्वाचं. वरच्या मजल्यांचा उभा पाइप आणि तुमची लाइन एकच असेल आणि व्हॉल्व्ह त्या एकत्र लाइनवर बसवला, तर तो बंद झाल्यावर वरच्यांचं पाणी तुमच्याच घरात उतरेल. तो फक्त तळमजल्याच्या स्वतंत्र लाइनवर हवा. आणि खरा उपाय त्याच्याही आधीचा आहे: तळमजल्याची लाइन उभ्या पाइपापासून तोडून थेट चेंबरला नेणं. खर्च आहे, फरशी फुटते, पण आम्ही केलं आणि त्याचं समाधान आहे.

खणलंच तर उतार मोजून घ्या. चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीला साठ फुटांत एक फूट. उतार कमी पडला तर मैला पुढे सरकत नाही, आणि फार झाला तर पाणी पुढे पळतं आणि मैला मागे राहतो.

गच्चीचं पावसाचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेलं असेल तर ते तोडून पावसाळी गटाराला द्या. कंपाउंडमध्ये पाणी साठलं की ड्रेनेजचं झाकण उघडायची सवयही सोडायला हवी. मैल्याची लाइन पावसासाठी बांधलेली नसते.

आम्ही चेंबरांचा नकाशा काढून नोटीस बोर्डवर लावलाय. चौकोन, बाण, भिंतीपासूनचं अंतर फुटांत. ब्लॉकखाली गाडलेली झाकणं वर घेतली. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात, आणि कुणाच्याही घरी टाइल्सचं काम असलं की गवंड्याने घमेलं बाहेर अंगणात धुवायचं, हे सभेत ठरवलं. दर मे महिन्यात सगळी झाकणं उघडतो. यंदा दुसऱ्या चेंबरमध्ये उंबराची मुळं सापडली. जुन्या चिनीमातीच्या पाइपाचा सांधा फोडून आत शिरलेली, म्हशीच्या शेपटीएवढी जाड, पाण्याच्या दिशेने विंचरल्यासारखी लांब. त्यांच्यात एक पॅड अडकलेलं होतं. मुळं कापली, तो सांधा बदलून पीव्हीसी घातला आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी ब्लॉक परत बसवले.